रात्रभर ठेवलेली मजुरी

लेवीयाच्या शेवटच्या अध्यायापर्यंत पोहोचता पोहोचता बहुतेक वाचक थकून गेलेले असतात. यज्ञार्पणे, शुद्धाशुद्धतेचे नियम, सणवार आणि योबेल वर्ष हे सारे ओलांडून आल्यावर सत्ताविसाव्या अध्यायात एक दरपत्रक लागते आणि ते पाहून पुष्कळांना अवघडल्यासारखे होते. कोणी नवस करून एखादी व्यक्ती परमेश्वराला वाहिली असेल, तर तिच्याऐवजी पवित्रस्थानात किती रुपे भरावयाचे याचे हे दरपत्रक आहे. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषासाठी ५० शेकेल, स्त्रीसाठी ३०. साठीपुढे पुरुषासाठी १५ आणि स्त्रीसाठी १०. म्हणजे काल जो पन्नासांचा होता तो साठी गाठताच पंधरांवर येतो. शास्त्राभ्यासाच्या वर्गात हा उतारा सहसा गाळला जातो. आणि कोणी वाचलाच, तर मागच्या बाकावरून प्रश्न येतो की, देवाच्या घरीही माणसाचा भाव वयावर ठरतो काय?

हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. आज मोठमोठ्या कंपन्यांत नोकरकपात ठरते, तेव्हा असेच एक दरपत्रक कोणाच्या तरी टेबलावर असते. तेथे उतार मात्र साठीला लागत नाही. पन्नाशीला लागतो, कधी कधी चाळिशीलाच. त्या दरपत्रकाकडे आणि या दरपत्रकाकडे एकत्र पाहावे, हा या लेखाचा हेतू आहे. कारण वयस्क कर्मचाऱ्याला काढून टाकण्याचा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून निघतो तेव्हा त्याचे उत्तर बहुधा वडीलधाऱ्यांचा मान राखावा, एवढ्यावरच थांबते. माझ्या मते तो प्रश्न मानाच्या आधी हिशेबाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. नोकरीत वयावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९६७ साली झाला. आज चाळीस वर्षे व त्यापुढील वयाच्या नोकरदारांना त्याचे संरक्षण आहे. १९९० साली त्याला एक महत्त्वाची जोड मिळाली. सामुदायिक कपात करताना या कायद्याखालील हक्क सोडल्याचे कर्मचाऱ्याकडून लिहून घ्यावयाचे असेल, तर त्याला विचारासाठी ४५ दिवस दिले पाहिजेत आणि त्याच्या विभागातील कोणत्या पदांवरील, किती वयाची माणसे काढली व किती वयाची ठेवली, याची यादी त्याच्या हाती दिली पाहिजे. त्या यादीत नावांची गरज नाही, परंतु वये असतात. आपले वय आणि इतरांची वये शेजारी शेजारी पाहिल्यावर माणसाला जे कळावयाचे ते कळते.

आयबीएम या प्रख्यात संगणक कंपनीने २०१४ साली ही यादी देणे बंद केले. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ शोधवृत्तात ही बाब उघड केली. कंपनीने युक्ती अशी केली की वयासंबंधीचा हक्क सोडून द्या असे म्हणणेच थांबवले, म्हणजे यादी देण्याचे बंधन उरले नाही. त्याऐवजी तक्रार असल्यास ती न्यायालयात न नेता एकेकट्याने लवादापुढे न्यावी अशी अट घातली. त्याच वृत्तातील अंदाजाप्रमाणे त्याआधीच्या पाच वर्षांत चाळीस व त्यापुढील वयाच्या २०,००० हून अधिक अमेरिकन कर्मचाऱ्यांना या कंपनीने घरी पाठवले होते आणि तेथील एकूण कपातीत त्यांचा वाटा सुमारे ६० टक्के होता. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने चौकशी करून २०२० साली असा निष्कर्ष काढला की, २०१३ ते २०१८ या काळात वयस्कांची संख्या घटवावी असे संदेश कंपनीच्या अगदी वरच्या पातळीवरून खाली येत होते. २०२२ साली एका दाव्यातील कागद खुले झाले, तेव्हा अधिकाऱ्यांच्या आपसांतील पत्रव्यवहारात वयस्क कर्मचाऱ्यांसाठी ‘डायनोबेबीज’ असा शब्द आढळला. डायनोसॉरवरून बनवलेला हा शब्द; आणि या प्राण्यांची जात नामशेष करण्याची भाषाही तेथे होती. कंपनीने आरोप नाकारले. आपल्या अमेरिकेतील कर्मचाऱ्यांचे मध्यम वय २०१० साली ४८ होते आणि २०२० सालीही ४८ च होते, असे तिने दाखवून दिले. वाचकांनी दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्यात.

मला येथे शब्दांचे नवल वाटते. शब्दांशीच माझा रोजचा व्यवहार असल्यामुळे तसे वाटत असेल. म्हातारा झाला म्हणून काढा, असे कोणी उघडपणे जाहीर करीत नाही. ‘नवे रक्त’, ‘कौशल्यांचा मेळ’, ‘पुनर्रचना’, ‘खर्चाचे सुसूत्रीकरण’ हे शब्द पुढे येतात. यांपैकी शेवटचा शब्द सर्वांत प्रामाणिक आहे आणि म्हणून सर्वांत कठीणही. वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाचा पगार मोठा असतो. तो गेला की दोन तरुण घेता येतात. हा वयाचा द्वेष आहे की साधी वजाबाकी?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १९९३ साली हेझन पेपर या कागद कंपनीच्या खटल्यात आला. ६२ वर्षांच्या एका तांत्रिक संचालकाला कंपनीने १९८६ साली काढून टाकले होते. दहा वर्षांची नोकरी पुरी होऊन त्याचे निवृत्तिवेतन पक्के होण्यास तेव्हा अवघे काही आठवडे उरले होते. न्यायालयाने एकमताने सांगितले की, नोकरीची वर्षे आणि वय या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. निवृत्तिवेतन चुकवण्यासाठी कोणाला काढले तर तो निवृत्तिवेतनाच्या कायद्याचा भंग होईल, परंतु तेवढ्यानेच तो वयावरचा भेदभाव ठरत नाही. तर्कशास्त्र म्हणून हे निर्दोष आहे. तरुण माणसाचीही दहा वर्षे होऊ शकतात आणि साठीचा माणूस कालच रुजू झालेला असू शकतो. परंतु तीस वर्षांची नोकरी झालेला तीस वर्षांचा माणूस कोणी पाहिला आहे?

आपल्या देशाकडे वळल्यावर चित्र अधिक उघडेबोडके दिसते. राज्यघटनेच्या पंधराव्या व सोळाव्या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांचा उल्लेख आहे, वयाचा नाही. शिवाय खाजगी नोकरीत वयावरून भेद करू नये असा अमेरिकेसारखा कायदा आपल्याकडे नाही. ‘वय ३५ च्या आत’ ही जाहिरातीतील ओळ आपण इतक्या सहजपणे वाचतो की तिच्यात काही विचारण्यासारखे आहे असे वाटतही नाही. एक जुने संरक्षण मात्र आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम २५-जी प्रमाणे कपात करावयाची झाल्यास, विशेष कारण नसेल तर, त्या वर्गातील जो शेवटी आला तो प्रथम जावा, असा नियम होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे तत्त्व राखले आहे. कामगार चळवळीने हे तत्त्व मोठ्या मोलाने जपले. परंतु त्याचा आधार कायद्याने ज्याला कामगार म्हटले आहे त्यालाच मिळतो. जो बढती मिळून व्यवस्थापक झाला, तो या छत्रीबाहेर गेला. वीस वर्षे इमानाने काम केल्याचे बक्षीस म्हणून बढती मिळते आणि त्याच बढतीमुळे संरक्षण जाते, हा विरोधाभास पुण्यातील, हैदराबादेतील, गुरुग्राममधील आपल्या कितीतरी बांधवांनी अनुभवला असेल. त्यांना कोणी काढतही नाही. राजीनाम्याचा मजकूर समोर ठेवला जातो.

सरकारी क्षेत्रात याच गोष्टीला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. २०१९ साली भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी अशी योजना आणली. तिची पात्रता एकच होती: वय पन्नास किंवा त्यापुढे. भारत संचारमधील ७८ हजारांहून अधिक आणि महानगरमधील १४ हजारांहून अधिक माणसांनी ती स्वीकारली आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ती सारी निवृत्त झाली. न्याय्य बोलावयाचे तर सानुग्रह रक्कम बरी होती, संस्था तोट्यात होती, मिळकतीचा फार मोठा भाग पगारांवर जात होता आणि अनेकांनी योजना आनंदाने घेतली. तिला मी आयबीएमच्या पंक्तीस बसवीत नाही. तरीही ‘स्वेच्छा’ या शब्दापाशी मी अडखळतो. मोशेच्या नियमशास्त्रात स्वखुशीच्या अर्पणाला ‘नेदावा’ असा एक स्वतंत्र शब्द आहे. ते अर्पण कोणी मागत नाही, त्याची तारीख कोणी ठरवीत नाही, आणि ते आणले नाही तर पुढे काय होईल याची भीती आणणाऱ्याच्या मनात नसते.

बंगळुरूला स्थायिक झालेले, मूळचे अहमदनगरकडील एक मराठी ख्रिस्ती बंधू माझ्या परिचयाचे आहेत. संगणक क्षेत्रात बावन्नाव्या वर्षी त्यांची नोकरी गेली. पत्रात लिहिले होते की त्यांचे पद ‘रिडंडंट’ झाले आहे. मी भाषांतराचे काम करतो म्हणून त्यांनी मला फोनवर विचारले, “भाऊ, याला मराठीत काय म्हणायचं?” मी ‘अतिरिक्त’ म्हटले, ‘अनावश्यक’ म्हटले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आमच्याकडं याला नकुशी म्हणतात.” नको असताना जन्मलेल्या मुलीला ठेवतात ते नाव. सातारा जिल्ह्यात २०११ साली २८० हून अधिक नकुशींची नावे समारंभपूर्वक बदलली गेली, हे वाचकांना आठवत असेल. त्यांच्या या उत्तरानंतर मला दुसरा प्रतिशब्द सुचला नाही.

आता हिशेबाकडे येतो. वयस्क माणसाचा पगार त्याच्या कामापेक्षा जास्त असतो, असे व्यवस्थापक म्हणतात. वादासाठी हे खरे धरू. ते खरे का असावे? एडवर्ड लेझियर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७९ साली एका गाजलेल्या निबंधात याचे उत्तर दिले. सक्तीची निवृत्ती मुळात असतेच का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे म्हणणे सोप्या शब्दांत असे: कंपनी तरुण माणसाला त्याच्या कामाच्या मोलापेक्षा कमी देते आणि उतारवयात कामाच्या मोलापेक्षा जास्त देते. साऱ्या आयुष्याची बेरीज केली म्हणजे हिशेब जुळतो. मधल्या काळात तो माणूस सचोटीने राबतो, नोकरी सोडून जात नाही, कामात कुचराई करीत नाही, कारण त्याची शिल्लक कंपनीजवळ असते. दोघांच्याही फायद्याचा हा व्यवहार आहे. परंतु त्यात एक कच्चा दुवा आहे. शिल्लक परत करण्याची वेळ आली की ती न देण्याचा मोह कंपनीला होतो, आणि हा करार कागदावर कोठेही लिहिलेला नसतो. आपल्या नावाला बट्टा लागेल आणि पुढे चांगली माणसे मिळणार नाहीत, ही भीतीच काय ती कंपनीला आवरते.

हे जर खरे असेल, आणि जुन्या पद्धतीच्या नोकऱ्यांबाबत ते बरेचसे खरे आहे असे मला वाटते, तर पन्नाशीच्या माणसाचा मोठा पगार ही कंपनीची मेहेरबानी ठरत नाही. पंचविशीत, तिशीत त्याने मिळवलेली आणि त्या वेळी हातात न पडलेली मजुरी आता त्याला मिळत असते. त्याला महाग म्हणून काढणे म्हणजे ठेव परत मागावयास आलेल्या ठेवीदाराला खर्चिक म्हणणे होय.

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात पिकल्या केसांपुढे उठून उभे राहावे अशी आज्ञा आहे. ती बत्तिसावी ओवी. तिच्यावरचे प्रवचन आपण सर्वांनी ऐकले आहे. तेथील मूळ इब्री शब्दाचा उच्चार मराठी कानाला ‘सेवा’ असाच ऐकू येतो. आपल्या ‘सेवे’शी त्याचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही, परंतु सेवानिवृत्तीच्या पत्रांच्या या दिवसांत तो शब्द वाचताना मन क्षणभर थबकते. त्याच अध्यायाची तेरावी ओवी मात्र वयाच्या संदर्भात कोणी वाचत नाही. मजुराची मजुरी आपल्याजवळ सकाळपर्यंत राहू देऊ नये, असा तिचा आशय आहे. तेथील इब्री क्रियापदाचा अर्थ रात्रीचा मुक्काम करणे असा आहे: मजुरीने धन्याच्या घरी मुक्काम करता कामा नये. आणि मजुरीसाठी जो शब्द आला आहे, ‘पेउल्ला’, त्याचा एक अर्थ केलेले काम आणि दुसरा अर्थ त्या कामाचे वेतन. दोन्हींना एकच शब्द. म्हणजे धन्याकडे रात्रभर जे पडून राहते ते नुसते नाणे नसते. त्या माणसाने केलेले कामच तेथे पडून असते. अनुवादात अशा ठिकाणी आपण हतबल होतो, कारण मराठीत काम आणि दाम वेगळे आहेत. ‘मोलमजुरी’ या जोडशब्दात काहीसा तो जुना भाव उरला आहे.

धन्याकडे एक रात्र राहिलेल्या मजुरीबद्दल नियमशास्त्र इतके कठोर आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा येते आणि तेथे कारणही दिले आहे: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला आहे. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. मग पंचवीस वर्षे मुक्कामाला राहिलेली आणि शेवटी परत न दिलेली मजुरी कोणत्या सदरात घालावी? नियमशास्त्राने वडीलधाऱ्यांचा मान आणि मजुराचे देणे एकाच अध्यायात ठेवले आहे. आपण मान उचलला आणि देणे खाली ठेवले. निरोपसमारंभात शाल व श्रीफळ देणे सोपे असते.

याला दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला तरुणांचा. घरात पदवी घेऊन बसलेला मुलगा म्हणतो की, बाबांच्या पिढीने जागा अडवल्या म्हणून आम्ही बाहेर आहोत. एकेका कंपनीपुरते यात तथ्य आहे. ठरावीक रकमेत एक जुना किंवा दोन नवे हा पेच खोटा नाही. परंतु देशाच्या पातळीवर तसे होत नाही. जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या, १२ देशांवरील अभ्यासात असे दिसले की, वृद्धांना लवकर घरी पाठवल्याने तरुणांना अधिक नोकऱ्या मिळतात या समजुतीला आधार नाही. कमावणारा बाप बाजारात खर्च करतो, त्यातून दुसऱ्या कोणाला काम मिळते. आणि आपल्या घरांतून तर त्याच पगारावर मुलाची फी भरली जात असते.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या जाणकारांचा, आणि तो अधिक टोकदार आहे. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात, मत्तयाच्या विसाव्या अध्यायात, दिवसभर उन्हात राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना सारखीच मजुरी मिळते. जुनेपणाचा हक्क सांगणाऱ्यांना प्रभू तेथे फटकारतो. मग ख्रिस्ती माणसाने जुन्या नोकरीचा हिशेब का मांडावा? हा दाखला मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी माझे लक्ष एका गोष्टीकडे जाते. धनी कुरकुर करणाऱ्यास पहिली आठवण देतो ती कराराची: तुझ्याशी एक दिनार ठरला होता, तो तुला मिळाला. त्याची उदारता ठरलेले देणे फेडून झाल्यावर सुरू होते. आता दाखला थोडा बदलून पाहा. पहाटे सहाला आलेल्या मजुराला धन्याने दुपारी चार वाजता बोलावले आणि सांगितले की, नाक्यावर ताज्या दमाची माणसे अर्ध्या दिनारात मिळत आहेत, तेव्हा तू जा. असा धनी त्या दाखल्यात नाही. तो जर असता, तर कुरकुर करणाऱ्याच्या बाजूने कोणी बोलले असते असे मला वाटते.

या दाखल्यातील शेवटच्या तासाच्या मजुरांविषयी आणखी एक. आम्हांला कोणी कामावर लावले नाही, एवढेच ते सांगतात. मजूरनाक्यावर जो उभा राहिला आहे त्याला ठाऊक आहे की सकाळी सहाला मुकादम दंड पाहून माणसे उचलतो. संध्याकाळी पाचपर्यंत कोण उरते? हे दाखल्यात लिहिलेले नाही, म्हणून मी ते ठामपणे म्हणणार नाही; परंतु पन्नाशीनंतर जागोजागी अर्ज पाठवणाऱ्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

वयाची मर्यादा म्हणजे सदैव अन्यायच, असेही नव्हे. गणनेच्या आठव्या अध्यायात लेव्यांसाठी पन्नास ही मर्यादा आहे. योगायोगाने तोच आकडा. तेथील इब्री वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. पन्नासाव्या वर्षी लेवीने ‘अवोदा’च्या ‘त्सावा’तून परतावे. ‘त्सावा’ म्हणजे सैन्य, फलटण. ‘अवोदा’ म्हणजे येथे अंगमेहनतीचे काम. रानातील त्या प्रवासात लेव्यांना निवासमंडपाचे साहित्य हलवावे लागे. फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, पडदे. चौथ्या अध्यायात प्रत्येक घराण्याच्या ओझ्याची नोंद आहे. पन्नाशीच्या पाठीवर ते ओझे नको, हे समजण्यासारखे आहे. परंतु पुढचेच वाक्य सांगते की त्याने दर्शनमंडपात आपल्या भाऊबंदांबरोबर राहून सेवा करावी, राखण करावी. त्यासाठी ‘मिश्मेरेत’ हा वेगळा शब्द आहे: सांभाळ, पहारा, जबाबदारी. ओझे उतरले; तंबूबाहेर मात्र कोणी काढले नाही. आणि लेव्यांच्या घराण्यांना मिळणारा दशमांश पन्नासाव्या वर्षी थांबतो असे गणनेत कोठेही म्हटलेले नाही.

विमान चालवणाऱ्यांना आज पासष्ट वर्षांची मर्यादा आहे. तिचे कारण सांगता येते, ते उघड आहे आणि सर्वांना सारखे लागू आहे. संगणकाच्या पडद्यापुढे बसणाऱ्या, हिशेब तपासणाऱ्या, माणसे हाताळणाऱ्या पन्नाशीच्या कर्मचाऱ्याच्या पाठीवर कोणती फळी असते? तो नवे शिकत नसेल तर तसे त्याला सांगावे, शिकण्यास वेळ द्यावा आणि त्यानंतरही जमले नाही तर त्याच्या कामावरून त्याचा निवाडा करावा. त्या निवाड्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पन्नाशीच्या माणसालाही चुकारपणा करता येतो. वय हे काही पुण्य नव्हे.

आता पुन्हा लेवीयाच्या सत्ताविसाव्या अध्यायाकडे. मागच्या बाकावरील प्रश्नाचे उत्तर अद्याप राहिले आहे. ते दरपत्रक लक्षपूर्वक वाचले म्हणजे ध्यानात येते की त्यातील रक्कम भरावयाची आहे. साठीपुढील माणसासाठी १५ शेकेल लिहिले आहेत, ते त्याचे नवस फेडणाऱ्याने पवित्रस्थानाला देण्याचे आहेत. ज्याचे हात थकले त्याच्याकडून कमी घ्यावे, असा त्या उताराचा अर्थ आहे. हाताच्या कामाचा अंदाज शास्त्र करते, त्यात लाजत नाही. आणि त्या अंदाजाचा लाभ थकलेल्याला देते. आठव्या ओवीत तर आणखी एक पायरी खाली आहे. ज्याला तेवढेही झेपत नाही त्याने याजकापुढे उभे राहावे आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे आकडा ठरवावा. तेथील मूळ शब्द ‘एरेख’ याच्या धातूचा अर्थ रांगेत मांडणे, क्रम लावणे असा आहे. मराठीत त्याला ‘मूल्य’ म्हणावे की ‘मोल’, यावर मतभेद होऊ शकतो. मी ‘मोल’ पसंत करतो, कारण मोल कामाचे असते आणि ते खालीवर होऊ शकते. ‘मूल्य’ म्हटले की वाचक माणसाच्या मूल्यापर्यंत जातो आणि तेथे हा अध्याय मुळीच जात नाही.

आणि ते दरपत्रक उघड आहे. साऱ्या लोकांसाठी ते लिहिले गेले. कोणत्या वयाला किती, हे प्रत्येकाला ठाऊक होते. कंपनीच्या यादीतील वयाचा रकाना ज्याच्यासाठी ती यादी बनते त्यालाच दिसत नाही.

आपल्या घरात काय चालते हेही पाहिले पाहिजे. ख्रिस्ती शाळा, रुग्णालये आणि वसतिगृहे यांतूनही तात्पुरत्या नेमणुका वर्षानुवर्षे लांबवल्या जातात आणि मध्येच काही दिवसांचा खंड पाडला जातो, कारण १९७२ च्या अधिनियमाप्रमाणे सलग पाच वर्षे झाली की उपदान देणे लागू होत असे. हेझन पेपरच्या त्या शेवटच्या आठवड्यांत आणि या खंडात तत्त्वाचा फरक मला दिसत नाही. येथे दोषी मी कोणा एका संस्थेला धरीत नाही. अडचणीतील संस्थांचे ताळेबंद मी पाहिले आहेत आणि ते सुखाचे वाचन नव्हे. तरीही ज्येष्ठ नागरिकांच्या रविवारी गुलाबाचे फूल देणाऱ्या मंडळीने आपल्या शिपायाची, आचाऱ्याची, वसतिगृहातील मावशींची सेवापुस्तके त्याच आठवड्यात काढून पाहावीत, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

याद्या करणारी माणसेही आपल्याच बाकांवर बसतात. मनुष्यबळ विभागात काम करणारे तरुण ख्रिस्ती भाऊबहीण आता प्रत्येक मोठ्या शहरातील मंडळीत आहेत. त्यांच्या हातात फार काही नसते, हे मला समजते. वरून आकडा येतो आणि तो भरावाच लागतो. परंतु यादी अखेरची होण्यापूर्वी तीत वयाचा रकाना जोडून एकदा पाहण्यास मनाई नसते. काढलेल्यांचे सरासरी वय आणि राहिलेल्यांचे सरासरी वय यांत दहा वर्षांचे अंतर पडत असेल, तर वरच्या साहेबांना कारण विचारता येते. त्या प्रश्नाचे लेखी उत्तर देण्याची वेळ आली की पुष्कळदा यादी बदलते. उत्तर लेखीच मागावे.

बंगळुरूच्या त्या बंधूंना राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यास त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत मिळाली होती. त्यांनी चार वाजता सही केली. आपण व्यवस्थापक या नात्याने कायद्याच्या व्याख्येत बसतो की नाही, हे विचारण्यासाठी त्यांना कोणी वकील ठाऊक नव्हता. त्यांच्या मंडळीत मात्र दोन वकील होते, हे त्यांना महिन्याभराने कळले. पाळकांचा फोन नंबर त्यांच्याजवळ होता. अशा गोष्टीसाठी पाळकांना फोन करावयाचा असतो, हे त्या दुपारी आपल्या मनातही आले नाही, असे ते मला म्हणाले.